बटाटा सोलणारं मशीन

शनिवारी सकाळी साडेआठ ही काय फोन करायची वेळ आहे? आपल्यासारख्या हिंजवडीवाल्यांचा वीकेण्ड तेव्हा कुठे कूस बदलत असतो. पण मामाला कोण सांगणार? त्याचं वर्कशॉप भोसरी एमआयडीसीत. तिथे साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. त्याच्या लेखी शनिवार म्हणजे भर आठवडा!

"तुला ते एक्सेल चांगलं येतं ना गं?" मामानं विचारलं. "मग ये जरा दुपारपर्यंत. दादा एक कोटीचं मशीन घ्यायचं म्हणतोय. डोकं ठिकाणावर आहे का त्याचं, तेवढं बघून सांग."

एक कोटी! आमच्या ऑफिसात कोटी फक्त प्रेझेंटेशनमध्ये दिसतात, आणि तेही क्लायंटचे. झोप उडाली. वाकड, नाशिक फाटा करत अकराला भोसरीत.

मामाचं शॉप म्हणजे पत्र्याची शेड. आत तीन व्हीएमसी, म्हणजे उभ्या स्पिंडलची सीएनसी मिलिंग मशिन्स. कोपऱ्यात मामानं पहिल्यांदा घेतलेला लेथ. खंडेनवमीला घातलेला झेंडूचा हार अजून त्याच्या गळ्यात, वाळून पार पापड झालेला. कूलंटचा तो एक गोडसर-तेलकट वास. लहानपणी मामा घरी आला की त्याच्या शर्टाला यायचा तोच. आणि दारात दादा, म्हणजे माझा मामेभाऊ, हातात ॲल्युमिनियमचा एक ठोकळा घेऊन उभा. मला आत घेण्याआधीच त्यानं तो माझ्या हातात दिला. "हे बघ. सगळं भांडण याच्यावरून आहे."

ठोकळा पावाच्या लादीतल्या एका पावाएवढा. एका पंपाचं हाउसिंग. सहाही बाजूंना भोकं, खाचा, आटे. एक भोक तर तिरपं. त्यांचं म्हणणं, प्रॉब्लेम तिथेच आहे.

आता थोडं टेक्निकल. पळू नका, बॉस, सोपं आहे. व्हीएमसीवर टूल उभं राहून गरगर फिरतं. टेबल डावी-उजवीकडे जातं, पुढे-मागे जातं आणि टूल वर-खाली होतं. हे झाले तीन ॲक्सिस, एक्स, वाय, झेड. या मशीनची अडचण एकच. ते फक्त वरून बघतं. वरून जे दिसेल तेवढंच कापतं. बाजूचं भोक पाडायचं तर जॉब सोडा, उलटा करा, पुन्हा बांधा. याला म्हणतात 'सेटिंग'. या हाउसिंगला अशी सहा सेटिंग्ज लागतात, आणि तिरप्या भोकासाठी तर खास फिक्स्चर बनवावं लागलं.

सेटिंग करणारे काका मामाकडे कित्येक वर्षं आहेत. मी उभी राहून बघितलं. जॉब बांधायचा, डायलची सुई त्याच्या कडेला टेकवायची, टेबल सरकवायचं, सुई हलली की तांब्याच्या हातोडीनं अगदी हळूच टकटक. पुन्हा सरकवायचं. पुन्हा टकटक. डॉक्टर नाडी बघतात ना, तसा चेहरा. पण माणूस कितीही तरबेज असला तरी दर वेळी दहा-वीस मायक्रॉन इकडेतिकडे होतातच. (आपला केस साधारण सत्तर मायक्रॉनचा असतो, यावरून अंदाज घ्या.) एका सेटिंगची चूक दुसरीत मिसळते, दुसरीची तिसरीत. सहाव्या सेटिंगनंतर वरचं भोक आणि खालचं भोक एका रेषेत येईलच, याची गॅरंटी काकासुद्धा देत नाहीत.

पण दादाला खरी खटकणारी गोष्ट वेगळीच होती. त्यानं मला भिंतीलगत लावलेले क्रेट दाखवले. प्रत्येकावर खडूनं लिहिलेलं : 'दुसरं सेटिंग बाकी', 'चौथं बाकी'. "एका हाउसिंगचं प्रत्यक्ष कटिंग चाळीस मिनिटांचं आहे," तो म्हणाला. "आणि ते इथून बाहेर पडतं नवव्या दिवशी. मधले आठ दिवस ते क्रेटमध्ये बसून असतं, पुढचं मशीन रिकामं व्हायची वाट बघत."

मला एकदम आमच्या ऑफिसातली अप्रूव्हलची फाइल आठवली. पण ते जाऊ दे.

मग फाइव्ह ॲक्सिस म्हणजे नक्की काय? मामी डबा घेऊन आली होती, तिनंच सोडवलं. दादा मला ए ॲक्सिस, बी ॲक्सिस, सी ॲक्सिस असं काहीबाही सांगत होता, तेव्हा ती म्हणाली, "अरे, बटाटा सोलतो तसं म्हण ना." शंभर टक्के करेक्ट! उजव्या हातातलं सोलाणं वर-खाली, पुढे-मागे जातं, आणि त्याच वेळी डावा हात बटाटा फिरवत, कलता करत असतो. व्हीएमसीला हा डावा हातच नाही. फाइव्ह ॲक्सिसमध्ये तो असतो. टेबल पाळण्यासारखं कलतं आणि त्याच्यावरची गोल तबकडी जात्यासारखी फिरते. तीन सरळ आणि दोन फिरत्या, झाल्या पाच. (काही मशिन्समध्ये टेबलऐवजी टूलचं डोकंच कलतं, पण छोट्या शॉपला पाळणाच बरा पडतो.) एकदा बांधलेल्या ठोकळ्याच्या पाच बाजू मशीन स्वतःच समोर आणतं. सहावी, म्हणजे जिथे धरलंय ती, तेवढी उलटून करायची. सहा सेटिंग्जची झाली दोन.

इथे एक गंमत आहे. एक्झिबिशनमध्ये मशीनवाले फाइव्ह ॲक्सिसवर काय कापून दाखवतात? टर्बाइनची पाती, नाहीतर इम्पेलर. पाचही ॲक्सिस एका वेळी नाचताहेत, कूलंटचे फवारे, एकदम बॉलिवूड! पण छोट्या जॉब शॉपचं बरंचसं पोट भरतं ते 'थ्री प्लस टू' नावाच्या साध्यासुध्या पद्धतीवर. म्हणजे टेबल कलतं करायचं, तिथे लॉक करायचं, आणि मग नेहमीसारखं तीन ॲक्सिसवर कापायचं. नाच नाही, नुसतं योग्य बाजू वर करणं. दादाच्या हाउसिंगला एवढंच हवं होतं. आणखी एक फायदा : जॉब कलता आला की टूल आखूड चालतं. आखूड टूल कमी थरथरतं, त्यामुळे फिनिशिंग चांगलं येतं आणि वेगही वाढवता येतो.

तर हे यंत्र इतकं भारी असेल, तर भोसरीच्या प्रत्येक गाळ्यात का नाही? एक कारण अर्थात पैसे. दुसरं कारण जरा जेम्स बॉण्डछाप आहे. आकड्यांवर चालणारं मिलिंग मशीन १९५२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत दाखवलं गेलं, त्यामागे पैसा होता अमेरिकन हवाई दलाचा. तेव्हापासून या मशीनकडे सरकारांचं लक्ष आहे. १९८७ मध्ये उघडकीला आलं की, जपानच्या तोशिबा मशीन कंपनीनं सोव्हिएत युनियनला अनेक ॲक्सिसची मिलिंग मशिन्स विकली, पाणबुड्यांचे पंखे कमी आवाज करतील असे कापायला. नॉर्वेच्या काँग्सबर्गनं त्यांचे कंट्रोलर दिले होते. अमेरिकन खासदारांनी तर संसदेच्या इमारतीसमोर तोशिबाचा रेडिओ घणानं फोडला! आजही या मशीनच्या निर्यातीवर वासेनार करारातल्या देशांचं नियंत्रण आहे. भारत त्या करारात २०१७ मध्ये सामील झाला. काही परदेशी मशिन्समध्ये तर असं यंत्र बसवलेलं असतं की, तुम्ही न कळवता मशीन जागेवरून हलवलंत की ते चक्क लॉक होतं.

मामाला हे ऐकून फार मजा वाटली. "म्हणजे पाणबुडीवाल्यांच्या पंगतीत मी बसणार!"

अर्थात आता पंगत बरीच मोठी झालीय. अमेरिकेच्या हास कंपनीनं छोट्या शॉपना झेपतील अशी मॉडेल्स काढली, राजकोटच्या ज्योती सीएनसीनं २००७ मध्ये फ्रान्सची ह्युरॉन ही जुनी कंपनीच विकत घेतली, बंगळुरूतही अशी मशिन्स बनतात. म्हणजे दादा काही हवेत बोलत नव्हता. मी लॅपटॉप उघडला.

एक कोटीचं कर्ज, दहा टक्के व्याज, सात वर्षं. ईएमआय येतो १ लाख ६६ हजार. वर १८ टक्के जीएसटी. त्याचं क्रेडिट पुढे मिळतं, पण आधी मोजावे लागतात. ऑपरेटर, प्रोग्रामर, वीज, टूल्स, सॉफ्टवेअरची वर्गणी धरून दादाच्या अंदाजानं महिन्याला आणखी दीड लाख. एकूण सव्वातीन लाखांच्या आसपास. तासाला चौदाशे रुपये रेट धरला तर मशीन महिन्याला २३० तास चाललं पाहिजे. एका शिफ्टचे तास भरतात दोनशे. त्यातही मशीन खरंखुरं कापत असतं ते दीडशे तास. म्हणजे दोन शिफ्ट्स आल्याच.

"आणि हे बघ, तू एक विसरलीस," दादा म्हणाला. "हाउसिंग तिकडे गेलं की माझ्या व्हीएमसींचे तास मोकळे होतात. ते पण धर."

पॉइंट बरोबर होता. मी कॉलम वाढवला. शीट हिरवी झाली. दादा हसला.

"मोकळे तास बँकेत जमा होत नाहीत," मामा शांतपणे म्हणाला. "त्यांच्यासाठी काम कुठाय?"

शीट पुन्हा लाल.

मग मामानं एकेक काढायला सुरुवात केली. छोट्या उद्योगाला ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावेत असा कायदा २००६ पासून आहे, पण गिऱ्हाईक कायदा वाचून चेक फाडत नाही, आणि ईएमआय मात्र तारखेला जातो. पत्र्याची शेड मे महिन्यात तापते. लोखंड गरमीनं वाढतं, पाळण्याचा केंद्रबिंदू काही मायक्रॉन सरकतो, मग कोटीचं मशीन कशाला घेतलं? म्हणजे एसीची खोली बांधा. टेबल कलत असताना टूलचं डोकं त्याच्यावर आपटलं तर स्पिंडलचा खर्च कोण देणार? म्हणजे आधी कॉम्प्युटरवर सगळं सिम्युलेशन हवं, आणि त्यासाठी कॅम सॉफ्टवेअर येणारा माणूस. असा माणूस शिकून तयार झाला की मोठी कंपनी त्याला उचलून नेते. विमानाचे पार्ट्स करू म्हणतोस, तर तिथे नुसतं मशीन चालत नाही, एएस ९१०० सर्टिफिकेट मागतात.

मी म्हटलं, तारण न ठेवता कर्ज मिळावं म्हणून सरकारची सीजीटीएमएसई नावाची हमी योजना आहे, २००० सालापासून. त्यावर बँकेनं काय सांगितलं, ते दादानं हळूच सांगितलं : योजना आहे, पण घराचे कागद दिलेत तर बरं होईल. मामी डबा आवरत होती. तिचा हात थांबला. "घराचे नाही," ती म्हणाली. एवढंच.

खरं सांगू? मला तोपर्यंत वाटत होतं की हे बाप-लेकाचं भांडण आहे, नवं विरुद्ध जुनं, टिपिकल. तसं नव्हतं. मामाला मशीन हवंच होतं. मगाशी 'पाणबुडीवाल्यांच्या पंगतीत' म्हणताना त्याचे डोळे बघितले होते मी. पण पहिला लेथ घेताना त्यानं आजीच्या पाटल्या गहाण ठेवल्या होत्या, आणि त्या सोडवायला किती वर्षं लागली, हे घरात फक्त त्याला आणि मामीला माहीत होतं.

तोडगा निघाला तो दादाच्याच डोक्यातून. त्यानं मशीनवाल्यांच्या सेंटरवर एक ट्रायल कट मारून आणला होता. मामानं ते हाउसिंग ग्रॅनाइटच्या सरफेस प्लेटवर ठेवलं, डायल लावला. दोन वेळा. मग सेटर काकांना बोलावलं. काकांनी पण लावला. काहीच बोलले नाहीत, फक्त तिरप्या भोकाच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि मान हलवली.

"चाकणला ओळखीच्यांकडे फाइव्ह ॲक्सिस आहे. त्यांची रात्रपाळी रिकामी असते," दादा म्हणाला. "सहा महिने त्यांच्याकडे तासावर काम करून घेऊ. मार्जिन कमी राहील. पण तेवढ्यात मी कॅम शिकतो. आणखी दोन गिऱ्हाइकांच्या लेखी ऑर्डर आणल्या तर मशीन घ्यायचं. घराचे कागद न देता मिळेल तेवढंच कर्ज."

"आणि यांना बरोबर ने," मामानं काकांकडे बोट दाखवलं. "जॉब कुठे धरायचा, हे तुझ्या सॉफ्टवेअरला कळत नाही."

काका म्हणाले, "मला कॉम्प्युटर नको." मग थोड्या वेळानं, "प्रोब कसा लागतो तेवढं बघीन."

मी शीट सेव्ह केली. फाइलला नाव दिलं 'मामा_फायनल'. आयटीतल्या कोणालाही विचारा, ज्या फाइलच्या नावात फायनल असतं ती कधीच फायनल नसते.

गुरुवारी मी मीटिंगमध्ये होते, तेव्हा फोन थरथरला. मामा. बाहेर येऊन उचलला. मागे शांतता. शॉप बंद, तरी गडी तिथेच. मेजरिंग टेप मागे सुटताना होतो तो खर्रकन आवाज मात्र ऐकू आला.

"लेथ या भिंतीला सरकवला तर कोपऱ्यात बारा बाय पंधराची खोली बसतेय," तो म्हणाला. "तिला एसी किती टनाचा लागेल, ते तुझ्या एक्सेलमध्ये निघतं का गं?"