सोनी बिल विल्यम्स : फोटोमागची कारकीर्द

सोनी बिल विल्यम्सचे मक्का-मदिनेतले फोटो आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर अजून फिरतात. खाली 'माशाअल्लाह' लिहून आपण ते पुढे पाठवतो. पण हा माणूस नेमका खेळायचा काय, असं वर्गात विचारलं तर 'सर, तो रग्बीवाला' एवढंच उत्तर मिळतं.

त्याचा मूळ खेळ रग्बी लीग. दोन्हीकडे १३-१३ खेळाडू. सहा वेळा अडवलं गेलं की चेंडू समोरच्यांच्या हाती. फॉरवर्डने चेंडू घेऊन थेट गर्दीत घुसायचं, मार खायचा आणि उठून पुन्हा बचावाला उभं राहायचं. ऑकलंडचा हा सामोअन वंशाचा मुलगा असाच फॉरवर्ड. दोघे-तिघे अंगावर लटकलेले असतानाही एका हाताने चेंडू साथीदाराकडे सरकवायचा, ही त्याची खासियत. २००४ मध्ये, १८ व्या वर्षी तो न्यूझीलंडकडून खेळला आणि त्याच वर्षी सिडनीच्या बुलडॉग्ज संघासोबत विजेता ठरला. त्या दिवसांतल्या दारू आणि ड्रग्जबद्दल तो पुढे स्वतःच उघडपणे बोलला आहे.

२००८ मध्ये मात्र बुलडॉग्जचा पाच वर्षांचा करार अर्ध्यात टाकून तो फ्रान्सला, तूलाँच्या १५ खेळाडूंच्या रग्बीत निघून गेला. प्रकरण कोर्टात गेलं, साडेसात लाख ऑस्ट्रेलियन डॉलरवर मिटलं. आपल्याकडच्या कौतुकाच्या पोस्टमध्ये हे येत नाही. यायला हवं. करार म्हणजे दिलेला शब्दच, आणि तो मोडला गेला होता. गंमत बघा, त्याच फ्रान्समध्ये एका साध्या ट्युनिशियन कुटुंबाच्या सहवासात तो इस्लामकडे वळला.

पुढे ऑल ब्लॅक्सकडून २०११ आणि २०१५ चे विश्वचषक त्याने जिंकले. मधल्या काळात, २०१३ मध्ये लीगमध्ये परतून सिडनी रूस्टर्सला विजेतेपद मिळवून दिलं. त्याच वर्षी लीगच्या विश्वचषकाची फायनल न्यूझीलंडने ऑस्ट्रेलियाकडून ३४-२ अशी गमावली, तरी वर्षातला सर्वोत्तम आंतरराष्ट्रीय खेळाडू तोच ठरला.

एप्रिल २०१७ मध्ये ब्लूज संघाकडून खेळताना त्याने कॉलरवरचं बँकेचं नाव पट्टी लावून झाकलं. कारण व्याज. टीका भरपूर झाली, पण बँक, दारू आणि जुगाराच्या जाहिराती अंगावर न घालण्याची सवलत न्यूझीलंडच्या रग्बी मंडळाने मान्य केली. ऑल ब्लॅक्सच्या जर्सीवर विमा कंपनीचं नाव होतं, ते कसं चाललं, असा सवाल टीकाकारांनी केला. सवाल बिनबुडाचा नव्हता. पण सगळं साधत नाही म्हणून जे साधतं तेही सोडायचं, हे आम्हाला पटत नाही. आणि हेही खरं की, दोन विश्वचषक जिंकलेल्याचं मंडळ ऐकतं. पहिल्याच हंगामातल्या पोराने असं केलं असतं तर?

भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवर २०२३ पासून ड्रीम इलेव्हनचं नाव होतं. २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी आली, तेव्हा ते गेलं. आपल्या मोहल्ल्यातली पोरं तीच जर्सी घालून फिरायची. दुकानात जर्सीचा भाव सगळ्यांनी केला, छातीवरच्या नावाबद्दल कुणी विचारल्याचं आमच्या ऐकिवात नाही.