तिसगावचा वैशाख आणि संगणकाचा वेग

संगणकाच्या प्रोसेसरला निर्मात्याने नेमून दिलेल्या गतीपेक्षा अधिक गतीने चालविण्याची जी रीत ‘ओव्हरक्लॉकिंग’ या नावाने तरुणांत रूढ झाली आहे, तिच्याशी माझे वैर नाही. कुतूहलापोटी यंत्राच्या अंतरंगात शिरणारा मुलगा मला नेहमीच प्रिय वाटत आला आहे. परंतु अहिल्यानगरहून पाथर्डीकडे जाणाऱ्या महामार्गावरील तिसगावसारख्या गावात, जेथे वैशाखातल्या दुपारी पत्र्याखालची खोली चाळीस अंशांच्या पलीकडे तापते, तेथे पुण्या-मुंबईच्या वातानुकूलित खोलीत कोणा दुसऱ्याच्या यंत्रावर सिद्ध झालेले आकडे जसेच्या तसे बायॉसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ मांडणीत, भरावयाचे, आणि संगणक वारंवार बंद पडू लागला की दोष विंडोजला, व्हायरसला किंवा लाइटीला द्यावयाचा, हा परिपाठ आता थांबला पाहिजे.

अमुक प्रोसेसर अमुक गतीला स्थिर आहे, हे विधान त्या चिपपुरते, त्या खोलीपुरते आणि त्या ऋतूपुरतेच खरे असते. एकाच कारखान्यातून एकाच नावाने बाहेर पडलेल्या दोन चिपांची सहनशक्तीही सारखी नसते. गती वाढली की प्रत्येक क्रिया पुरी करण्यास मिळणारा अवधी आखूड होतो. त्या अवधीत काम उरकावे म्हणून व्होल्टेज वाढवावे लागते. आणि विजेचा खप गतीच्या प्रमाणात वाढत असला तरी व्होल्टेजच्या बाबतीत तो वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे अल्पशा व्होल्टेजवाढीतून पुष्कळ उष्णता निर्माण होते. ही उष्णता पंखा खोलीतल्या हवेतच सोडणार; त्या हवेहून थंड असे काही त्याला करता येत नाही. म्हणून 22 अंशांच्या खोलीत 75 अंशांवर चालणारा प्रोसेसर 40 अंशांच्या खोलीत तेच काम करताना 93 अंशांच्या आसपास पोहोचतो, आणि कूलरच्या पात्यांत उन्हाळ्याची धूळ बसली असेल तर त्याच्याही वर जातो. दिवाळीत बिनतक्रार चाललेला संगणक मे महिन्यात कोसळतो, त्याची कैफियत बहुधा एवढीच असते.

1998 साली इंटेलचा सेलेरॉन 300ए हा 300 मेगाहर्ट्‌झचा स्वस्त प्रोसेसर कित्येकांच्या हाती सहजपणे 450 वर चालला, आणि या छंदाला प्रतिष्ठा आली. त्या काळी निर्माते पुष्कळ शिल्लक राखून ठेवीत. आजचे प्रोसेसर ती शिल्लक टर्बोच्या, म्हणजे आपोआप वाढणाऱ्या गतीच्या, रूपाने स्वतःच वापरून टाकतात. मागे उरते ते फार थोडे, आणि त्या थोड्यासाठी पत्करावयाची जोखीम मात्र पूर्वीइतकीच आहे.

लाइटीवरचा आरोप सर्वस्वी खोटा नाही. तथापि चांगला पॉवर सप्लाय भिंतीतल्या विजेचे चढउतार बऱ्याच अंशी स्वतःच सावरून घेतो, आणि प्रोसेसरला लागणारे एक-सव्वा व्होल्ट हे मदरबोर्डवरील निराळ्या मंडलातून नियमित होऊन मिळतात. आपण गती वाढवून ते मंडलच सीमेवर आणून ठेवलेले असते. त्यात पॉवर सप्लाय हलक्या प्रतीचा असेल, तर दोष गावच्या विजेचा कमी आणि आपल्या निवडीचा अधिक.

संगणक निळ्या पडद्यावर येऊन थांबला, तर ते भाग्यच समजावे, कारण यंत्राने आपली चूक निदान कबूल तरी केली. खरे भय अशा यंत्राचे आहे, की जे न थांबता चुकीचा हिशेब करते. रॅममधला एक बिट उलटतो, फाइल जतन होते, आणि महिन्याभराने ती उघडत नाही, किंवा उघडते आणि आत भलताच आकडा असतो. मायक्रोसॉफ्टमधील रेमंड चेन यांनी 2005 साली लिहून ठेवले आहे, की जी आज्ञा चुकणे शक्यच नाही अशा आज्ञेवर प्रोग्राम कोसळल्याचे अहवाल येऊ लागले, तेव्हा चौकशीअंती अनेकांचे संगणक ओव्हरक्लॉक केलेले निघाले. आणि त्यांतल्या काहींना त्याची वार्ताही नव्हती, कारण ते काम विकणाऱ्याने परस्पर केले होते. तिसगाव ज्यात येते तो पाथर्डी हा ऊसतोड मजुरांचा तालुका आहे. हंगामभर कोयता चालवून आणलेल्या पैशांतून मुलाला संगणक घेऊन देणाऱ्या बापाला अशा यंत्राची शहानिशा करता येत नाही, याचे मला अतिशय वाईट वाटते. जेथे लोकांचे अर्ज, पतसंस्थेच्या नोंदी किंवा शाळेचे निकाल तयार होतात, तेथे तर ओव्हरक्लॉकची मुभाच असू नये.

बिघाड शोधण्याचा मार्ग सोपा आहे, पण त्याला धीर लागतो. प्रथम महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे काढावी. नंतर बायॉस मूळ स्थितीस न्यावे. संगणक सुरूच होत नसेल तर वीज तोडून मदरबोर्डवरील गोल सेल काही मिनिटे काढून ठेवावा. रॅमचे एक्सएमपी प्रोफाइलही बंद करावे, कारण पुष्कळदा तेही ओव्हरक्लॉकच असते, हे विसरले जाते. मूळ स्थितीतही यंत्र कोसळत असेल तर ओव्हरक्लॉकची चर्चाच खुंटली. दोष रॅमचा, सप्लायचा किंवा अन्य भागाचा आहे. मूळ स्थितीत ते टिकले, तर एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत तारखेसह, खोलीच्या तापमानासह टिपावा. रॅमची परीक्षा पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट86 चालवून करावी. एकही चूक आली तरी ती नापासच. प्रोसेसरसाठी प्राइम95 उत्तम. प्रचंड मर्सेन अविभाज्य संख्या शोधण्याकरिता लिहिलेला हा प्रोग्राम आपल्या उत्तरांचा ताळा पूर्वी ठाऊक असलेल्या उत्तरांशी घेतो, म्हणून न कोसळणारी चूकही तो पकडतो. भाराखाली पडणारा संगणक बहुधा उष्णतेने किंवा भार येताच घसरणाऱ्या व्होल्टेजने पडतो. रिकामा बसला असता पडणारा, विश्रांतीच्या वेळचे व्होल्टेज फार उतरविल्यामुळे. आणि ही परीक्षा रात्रीच्या गारव्यात नव्हे, दुपारी दोनच्या उन्हात घ्यावी.

निर्मात्याच्या शब्दावरही आंधळा विश्वास नको, हे 2024 साली दिसून आले. इंटेलचे तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे वरच्या श्रेणीतले डेस्कटॉप प्रोसेसर, मालकाने काहीही न वाढविताही, खेळांत कोसळू लागले. वाजवीपेक्षा अधिक व्होल्टेज मागितले जात असल्याचे कंपनीने जुलैत मान्य केले, ऑगस्टमध्ये बायॉसमार्फत बसविण्याची मायक्रोकोडची दुरुस्ती दिली आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढविली. परंतु आधीच झिजलेली चिप त्या दुरुस्तीने पूर्ववत होत नाही.

म्हणून संगणक जोडून देणाऱ्या प्रत्येक दुकानदाराने पावतीवर प्रोसेसरची गती, रॅमचे प्रोफाइल आणि बायॉसची आवृत्ती लिहून द्यावी, आणि काही वाढविले असल्यास ग्राहकाच्या सहीनिशीच वाढवावे, अशी तजवीज झाली पाहिजे. वर सांगितलेल्या पिढ्यांचे प्रोसेसर ज्यांच्या घरी आहेत, त्यांनी बायॉसची दुरुस्ती विनाविलंब करून घ्यावी. मात्र ती चालू असताना वीज गेल्यास मदरबोर्ड कायमचा निकामी होऊ शकतो, तेव्हा आधी यूपीएसची बॅटरी चांगली चालते ना, याची खातरजमा करावी.