आधी ऐका, मग मोजा

पावसाळा लागला की आदिलाबाद जिल्ह्यातल्या उटनूर परिसरातून तापाच्या साथींच्या बातम्या येऊ लागतात. रुग्ण मोजले जातात, रक्ताचे नमुने घेतले जातात, फवारणी होते. पण गोंड-कोलाम वस्तीतला माणूस दवाखान्यात उशिरा का पोहोचतो, हे नमुन्यातून कळत नाही. तुटलेली वाट, बुडणारी मजुरी, आपली बोली न समजणारा डॉक्टर ही कारणे संशोधनाच्या आराखड्यात क्वचितच येतात. अनुदानात तर त्याहून कमी.

या भागाचा इतिहास वेगळा धडा देतो. १९४० मध्ये जोडेघाटला निजामाविरुद्ध लढणारे गोंड नेते कोमराम भीम मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांना गोंडांच्या अभ्यासाला धाडले. ते मार्लवाईत राहिले, गोंडी शिकले. त्या अभ्यासातून जमिनीचे पट्टे आणि गोंडी शाळा आल्या.

आरोग्यात आधी ऐकण्याचे हेच काम प्राणहिता नदीपलीकडे, गडचिरोलीत घडले. सरकारी यंत्रणा कुटुंब नियोजनात गुंतली असताना डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या स्त्रियांची तपासणी केली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले. पुढे ३९ गावांत गावच्याच स्त्रियांना नवजात बाळांची घरी देखभाल करायला शिकवले. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले, आज देशभरच्या आशाताई त्याच वाटेने घरोघरी जातात.

याच्या उलट उदाहरण खम्मम जिल्ह्याचे. २००९ मध्ये तिथे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धच्या एचपीव्ही लशीच्या प्रकल्पात वसतिगृहातल्या अनेक आदिवासी मुलींच्या संमतीपत्रांवर पालकांऐवजी वॉर्डनच्या सह्या होत्या. प्रकल्पाच्या काळात काही मुलींचे मृत्यू झाले; त्यांचा लशीशी संबंध सिद्ध झाला नाही, तरी संसदीय समितीने २०१३ मध्ये या कारभारावर कडक ताशेरे ओढले. गेलेला विश्वास कुठल्याही अनुदानातून विकत मिळत नाही.

आरोग्यखर्चाचा किमान दोन टक्के वाटा देशांनी संशोधनाला द्यावा, असे आरोग्य संशोधनावरच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने १९९० मध्येच सुचवले होते. रक्कम वाढवावीच, पण ती कशाला मिळते हेही बदलावे. प्रश्न ठरवण्याआधी वस्तीत राहण्याचे महिने, गोंडी-कोलामी दुभाषे, गावातल्या कार्यकर्त्यांचे मानधन आणि निष्कर्ष गावसभेत मांडण्याचा खर्च अनुदानात धरावा. पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर तेच लोक, तीच कापसाची शेती. तेव्हा यवतमाळ, नांदेड आणि आदिलाबादचा अभ्यासही एकत्र व्हावा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने (आयसीएमआर) प्रस्तावांच्या छाननीत एक प्रश्न सक्तीचा करावा: हा विषय कोणत्या गावाने मागितला? त्याचे उत्तर नसलेला प्रस्ताव परत पाठवावा.