दुःखाचा चेहरा आणि चौकटीबाहेरच्या तलवारी

धार्मिक प्रतिमेतील दुःखाची चर्चा करणारा समीक्षक बहुधा प्रतिमेसमोर उभा नसतो. तो तिच्या छायाचित्रासमोर बसलेला असतो. ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली आहे की तिची दखल घेण्याची गरजही कोणाला भासत नाही. गोव्याच्या किंवा वसईच्या चर्चमधील दुःखी मातेची मूर्ती घ्यावी, कॅमेरा तिच्या मुखापर्यंत न्यावा, कपाळावरची आठी, जडावलेल्या पापण्या आणि गालावरचा अश्रू एवढेच चौकटीत ठेवावे, आणि मग त्या चौकटीवरून कॅथलिक प्रतिमाविश्वातील करुणेविषयी सिद्धान्त मांडावा, अशी एक रीतच पडून गेली आहे.

या रीतीतून परस्परविरोधी असे दोन निर्णय निघतात. पहिला असा की हा चेहरा वैश्विक आहे. कोणत्याही धर्माची, कोणत्याही काळाची आई अशीच रडते. दुसरा असा की हा चेहरा परका आहे; तो पोर्तुगीजांबरोबर आलेला, नाटकी, भावनेचे प्रदर्शन करणारा आहे, आणि देशी प्रतिमेचा स्वभाव मात्र शांत आहे. पहिल्या निर्णयामागे एक सैल मानवतावाद उभा असतो, दुसऱ्यामागे तितकाच सैल देशीवाद. दोन्ही पक्ष एकमेकांशी हिरिरीने भांडतात. परंतु त्यांचे गृहीत एकच आहे. दुःख चेहऱ्यात असते, आणि तेथून ते कॅमेऱ्याने उचलून आणता येते, हे ते गृहीत. वाद घालावयाचा तर तो या गृहीताशीच घातला पाहिजे.

दुःखी मातेच्या प्रतिमेत प्रत्यक्षात काय असते? तिच्या हृदयात तलवार रुतलेली असते. कधी एक, कधी सात. लूकच्या शुभवर्तमानात वृद्ध शिमोन मरियेला सांगतो की तिच्या जिवातून तलवार आरपार जाईल; त्या भाकितापासून ही तलवार आली. सात तलवारी म्हणजे सात प्रसंग : शिमोनाचे भाकीत, मिसर देशातील पलायन, बारा वर्षांच्या येशूचे यरुशलेमेत हरवणे, क्रूस वाहणाऱ्या पुत्राची वाटेतील भेट, क्रूसावरील मरण, देह खाली उतरवणे आणि दफन. पंधरा सप्टेंबरला या मातेचा सण येतो तेव्हा भाविक या प्रसंगांचे क्रमाने स्मरण करतो. म्हणजे तलवार हा मूर्तीवरचा अलंकार नव्हे. ती कथेची खूण आहे. शिल्पकाराने दुःखाचे कारण मूर्तीच्या देहातच, छातीशी, रोवून ठेवले आहे. निकटदृश्य घेणारा छायाचित्रकार नेमका छातीच्या वर थांबतो. तलवारी चौकटीबाहेर राहतात, अश्रू तेवढा आत येतो.

संस्कृत साहित्यशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर येथे विभाव कापला जातो आणि अनुभाव शिल्लक उरतो. विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगातून रस सिद्ध होतो, हे भरताचे सूत्र प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याला पाठ असते. पण प्रतिमेविषयी लिहिताना त्याचा सर्वांना विसर पडतो. अश्रू हा आठ सात्त्विक भावांपैकी एक. तो शोकातून येतो, तसा आनंदातून, क्रोधातून आणि भयातूनही येतो. इतकेच काय, धुराने, अंजनाने आणि जांभईनेही येतो, असे भरताने नोंदवून ठेवले आहे. एकट्या अश्रूकडे पाहून तो कशाचा हे सांगता येत नाही, ही गोष्ट नाट्यशास्त्राला ठाऊक होती. छायाचित्रावर विसंबणारी समीक्षा ती जाणत नाही.

मूर्तीच्या बाबतीत तर हा प्रमाद दुहेरी आहे. इबेरियातून गोव्यात आलेल्या परंपरेत मिरवणुकीसाठी घडवलेल्या कित्येक मूर्तींचे केवळ मुख आणि हात कोरलेले असतात. उरलेला देह म्हणजे लाकडी सांगाडा, आणि त्यावर वस्त्रे. काही मूर्तींचे डोळे काचेचे, अश्रूही काचेचे. क्रूसावरून उतरवण्याच्या विधीसाठी ख्रिस्ताच्या मूर्तीच्या खांद्यांत सांधे ठेवलेले असतात. या मूर्ती हातभर अंतरावरून न्याहाळण्यासाठी नाहीतच. त्या खांद्यांवरून, मेणबत्त्यांच्या उजेडात, गाण्याबरोबर चालण्यासाठी आहेत. गोवा वेल्हा येथे उपवासकाळातील पाचव्या रविवारानंतरच्या सोमवारी संतमूर्तींची मिरवणूक निघते. तेथे चेहरा दिसतो तो गर्दीच्या डोक्यांवरून, हलता, आणि क्षणभरच. दुरून उमटावा म्हणून ठळक केलेला भाव जवळून टिपावयाचा आणि मग त्याला नाटकी म्हणावयाचे, हा न्याय रंगभूषा केलेल्या नटाला दिवाणखान्यात बसवून त्याची परीक्षा करण्यासारखा आहे.

रोलाँ बार्थने १९८० साली छायाचित्राचे मर्म ‘हे होते’ या साक्षीत पाहिले. माणसाच्या छायाचित्रापुरती ही साक्ष मोलाची आहे. पण मूर्तीच्या छायाचित्रात ‘होते’ ते काय? लाकूड, रंग आणि काच. तो अश्रू कोणत्याही क्षणी ओघळलेला नव्हता. म्हणून कॅमेऱ्याने तो क्षण पकडला असे म्हणण्यात अर्थ नाही. मूर्ती आधीच स्थिर आहे. तिला गती देतो तो विधी, आणि कॅमेरा वगळतो तोही विधीच.

दुःख चेहऱ्यात असते, या समजुतीला एक इतिहास आहे आणि तो धर्माचा नाही. चित्रकार ल ब्रँ याने १६६८ साली पॅरिसच्या अकादमीत विकारांच्या चेहऱ्यांची जंत्री मांडली. वैद्यक पेशातील द्युशेन याने १८६२ साली प्रसिद्ध केलेल्या छायाचित्रांत चेहऱ्याच्या स्नायूंना विजेचा स्पर्श देऊन शोक, भय, आनंद उमटवून दाखवले. डार्विनने १८७२ च्या ग्रंथात त्यांतील काही छायाचित्रे वापरली. द्युशेनच्या प्रयोगाचा अर्थ मात्र त्याच्या अनुयायांनी लावला त्याच्या नेमका उलट आहे. ज्या माणसाला कसलाही शोक झालेला नाही, त्याच्या मुखावर शोकाचा आकार हुबेहूब उमटतो, हे त्याने सिद्ध केले. करुणावाचून करुणाचा चेहरा संभवतो, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

आता उलट प्रश्न : चेहऱ्यावाचून करुण संभवतो काय? त्याचे उत्तर इंद्रायणीकाठी, आळंदीला मिळते. ज्ञानेश्वरांनी शके १२१८ मध्ये, म्हणजे इ. स. १२९६ साली तेथे समाधी घेतली. त्यांचे समकालीन चित्र नाही. गाभाऱ्यात आहे ती समाधी. दर्शनासाठी तिच्यावर मुखवटा ठेवतात, पण मुळात तो पाषाण आहे. आणि तरीही मराठी भाषेतील करुणाचा एक सर्वोच्च प्रसंग त्या पाषाणाभोवतीच घडतो. आदि, तीर्थावळी आणि समाधी ही नामदेवांच्या नावावरील ज्ञानेश्वरचरित्राची तीन प्रकरणे. त्यांपैकी समाधिप्रकरणात निवृत्तिनाथांचा शोक येतो. निवृत्तिनाथ थोरले बंधू आहेत आणि गुरूही आहेत. ज्याने शोकापलीकडे जाण्याचा मार्ग शिकवला, त्यालाच शिष्याला निरोप देताना शोक आवरत नाही. करुण या नात्यात आहे. कोणत्याही भिंगाने ते नाते टिपता येणार नाही. कार्तिक वद्य त्रयोदशीला समाधिप्रसंगाचे कीर्तन होते आणि श्रोत्यांचे डोळे पाणावतात, तेव्हा त्यांच्यासमोर रडणारी मूर्ती नसते. शब्द असतात, आणि तो दिवस असतो.

परंतु कॅमेरा आळंदीलाही पोहोचला आहे आणि येताना दुःखी मातेचा साचा घेऊन आला आहे. डोक्यावर पदर, वर वळलेले डोळे, सुरकुतलेल्या गालावर ओघळ : कार्तिकीची किंवा पालखी-प्रस्थानाची अशी वारकरी स्त्रीची छायाचित्रे कोणी पाहिली नाहीत? खाली ‘आर्तता’ असा एक शब्द छापला की वाचन संपते. ती कोठून आली, कोणाबरोबर आली, हा अश्रू पोहोचल्याच्या सुखाचा की कोणाच्या आठवणीचा, याला चौकटीत जागा नसते. गोव्यातल्या मूर्तीला नाटकी म्हणणारे समीक्षक याच साच्यातल्या छायाचित्राला उत्स्फूर्त आणि देशी म्हणतात, ही गंमत लक्षात घेण्याजोगी आहे.

देशी आणि परके चेहऱ्यावरून ओळखता येते असे ज्यांना वाटते, त्यांनी प्रभातच्या १९४० सालच्या ‘संत ज्ञानेश्वर’ या चित्रपटाचा विचार करावा. आळंदीच्या समाधीकडे जाणारे ज्ञानेश्वर प्रेक्षकांनी ज्या मुखावर पाहिले, ते शाहू मोडकांचे होते, आणि मोडक अहमदनगरच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबातले होते. प्रेक्षकांनी त्या मुखात परकेपणा शोधला नाही. त्यांना कथा ठाऊक होती. मुखाने तिला वाट करून दिली.

येथे एक आक्षेप येईल. भरताची परिभाषा ख्रिस्ती प्रतिमेला लावणे हा वरून लादलेला उपक्रम नव्हे काय? या आक्षेपाचे उत्तर चारशे वर्षांपूर्वी देऊन झाले आहे. फादर स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल येथे छापले गेले. त्यातील दुसऱ्या पुराणात ख्रिस्ताच्या यातना आणि मरण येते ते ओवीत, ज्ञानेश्वरीच्या छंदात. गोव्याच्या नवख्रिस्ती श्रोत्याला दुःखाची कारणपरंपरा मराठी पुराणाच्या घाटात मिळत होती. मूर्ती आणि पुराण एकाच धर्मजीवनाची दोन अंगे होती. ती वेगळी पडली ती आपल्या विद्याशाखांमुळे. पुराण मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ‘ख्रिस्ती वाङ्मय’ या प्रकरणात बंद झाले. मूर्ती कलेतिहासात गेली. ख्रिस्ती कलेचे संग्रहालय १९९४ साली त्याच राशोलला सुरू झाले आणि २००२ साली जुन्या गोव्यातील सांता मोनिका कॉन्व्हेंटमध्ये हलले. तेथील प्रतिमांवर लिहिणाऱ्यांपैकी किती जण शेजारी ‘ख्रिस्तपुराण’ उघडून ठेवतात?

छायाचित्र अभ्यासाला लागते, हा दुसरा आक्षेप. ते खरेच आहे. झिजलेला रंग, सांधा, छिन्नीची खूण त्याने दिसते. पण ते लाकडाविषयीचे ज्ञान झाले. दुःखाविषयी बोलावयाचे असेल तर छायाचित्रात तलवारी हव्यात, वाहणारे खांदे हवेत, गाणारे तोंड हवे. आणि जे मावत नाही ते लेखात सांगितले पाहिजे.

हा वाद केवळ पद्धतीचा राहत नाही. अल्जीरियातील बेंतालाच्या हत्याकांडानंतर, सप्टेंबर १९९७ मध्ये, होसिन झौरार यांनी रुग्णालयाबाहेर आक्रोश करणाऱ्या एका स्त्रीचे छायाचित्र घेतले. त्याला त्या वर्षीचा वर्ल्ड प्रेस फोटो पुरस्कार मिळाला आणि जगाने त्या मुस्लिम स्त्रीला ‘मॅडोना’ म्हटले. तिची आठ मुले मारली गेली, असे छायाचित्रासोबत छापून आले. ते खोटे ठरले. तिने भाऊ गमावला होता. चेहरा मातेच्या साच्यात बसला म्हणून तिला मुलेही बहाल झाली आणि त्यांचे मरणही. विभाव कापला की जागा रिकामी राहत नाही. पाहणारा ती स्वतःच्या सवयीने भरतो.

जे त्या स्त्रीच्या बाबतीत घडले तेच दुःखी मातेच्या बाबतीत समीक्षा रोज करते आहे, आणि आळंदीच्या वारकरी स्त्रीच्याही. चेहऱ्यावरून दुःख वाचणारी समीक्षा दुसऱ्याचे दुःख वाचतच नाही. ती स्वतःची पूर्वकल्पना त्याच्या गालावर पाहते. दुःखी मातेविषयी ज्याला लिहावयाचे आहे, त्याने निदान तिच्या छातीतल्या तलवारी मोजाव्यात आणि प्रत्येकीचे नाव सांगावे. तोवर त्याच्या लेखातील ‘करुण’ हा शब्द उसना आहे.