डबड्यातला आवाज

परवा खामगावला आत्याकडे गेलो होतो. मे महिना, दुपारचे तीन, कूलर फुल स्पीडवर. आतेभावाच्या मुलाची गिटार कव्हरात घालून कोपऱ्यात उभी होती आणि कव्हरावर धूळ. दीड वर्षापूर्वी त्याने साठवलेल्या पैशातून एक सेकंडहँड अँप मॉडेलर घेतला होता. तेव्हा हेडफोन लावून रात्र रात्र वाजवायचा. म्हटलं, काय रे, बंद का?

"पुण्याचे काका म्हणाले, हा आवाज डुप्लिकेट आहे. हाताला वाईट सवय लागते. नोकरी लागली की खरा अँप घेईन."

पुण्याचे काका म्हणजे आमचा चुलतभाऊ. तो हा ब्लॉग न चुकता वाचतो. तर दादा, आजची पोस्ट तुझ्यासाठी. रागावू नकोस. म्हणजे रागाव, पण शेवटपर्यंत वाच.

बाकी मंडळींसाठी थोडक्यात. इलेक्ट्रिक गिटार नुसती छेडली तर मच्छर गुणगुणल्यासारखी वाजते. तिचा आवाज घडतो तो अँपमध्ये. जुन्या पद्धतीच्या अँपमध्ये काचेचे व्हॉल्व्ह असतात, आपल्या आजोबांच्या रेडिओत असायचे तसे. ते व्हॉल्व्ह, तो स्पीकर आणि समोर लावलेला माईक मिळून गिटारच्या सिग्नलचं जे काही करतात, ते गणिताने करणारी छोटी पेटी म्हणजे मॉडेलर.

दादाचं म्हणणं, ही नक्कल. बरं, नक्कल. मग मार्शलचं काय? ज्या मार्शल अँपची तू आरती ओवाळतोस, त्याचं १९६२ साली घडवलेलं पहिलं मॉडेल अमेरिकेच्या फेंडर बासमनचं सर्किट समोर ठेवूनच केलेलं होतं. आणि ज्या फाटक्या आवाजावर आपण सगळे फिदा, तो तर अँपवर झेपेल त्यापेक्षा जास्त भार टाकल्याने यायचा. बनवणाऱ्यांच्या लेखी तो दोष होता. नकलेची नक्कल आणि दोषाचा गुण, यातलं 'खरं' नेमकं कुठून मोजायचं?

शिवाय तू जन्मभर ज्या रेकॉर्ड ऐकल्यास, त्यात अँप तू कधी ऐकलासच नाहीस. ऐकलास तो माईकने टिपलेला स्पीकर. मॉडेलर नक्कल करतो ती त्याची.

"हाताला उशिरा ऐकू येतं" हा तुझा आवडता मुद्दा. हिशोब करू. ४८ किलोहर्ट्झला १२८ सँपलचा बफर म्हणजे पावणेतीन मिलिसेकंदांच्या आत. जाऊन-येऊन आणि वर थोडे धरले तरी सात-आठ. तुझा अँप तीन मीटरवर ठेवलास तर त्याचा आवाज हवेतून तुझ्या कानापर्यंत यायला जवळपास नऊ लागतात. झालं?

आता जरा खामगावात ये. पंधरा वॅटचा व्हॉल्व्ह अँपसुद्धा रंगात यायला असा मोठा करावा लागतो की शेजारचं बाळ उठतं. रेकॉर्डिंगला माईक लावायचा तर मे महिन्यात कूलर बंद करावा लागेल. चव्वेचाळीस अंशात कूलर बंद करून तू एक कडवं वाजवून दाखव, मी तुझा अँप डोक्यावर घेऊन शेगावपर्यंत पायी जातो. मॉडेलरची वायर थेट कॉम्प्युटरला. कूलर चालू, आत्याची मालिका चालू, रेकॉर्डिंगही चालू. कूलरच्या मोटरची घुंई सिंगल कॉइल पिकअपमध्ये येते, हे खरं. पण खुर्ची दोन हात लांब सरकवून थोडं तिरकं बसलं की बरीच कमी होते. हे त्या पोराने स्वतः शोधून काढलं होतं. यालाच तू वाईट सवय म्हणतोस.

आपल्याकडे हे भांडण नवं नाही. आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमला बंदी घातली. परकी पेटी, तिच्यात मींड निघत नाही, श्रुती नाहीत. आक्षेप तसे बरोबरच होते. ती बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडलं. तोवर आपली नाट्यगीतं, भजनं, लावण्या पेटीवरच चालल्या होत्या. पुढे इलेक्ट्रॉनिक तानपुरा आला. मिरजेच्या तानपुऱ्याची सर त्याला नाही, हे कोणीही सांगेल. पण त्या डबीने किती घरांत पहाटेचा रियाझ सुरू ठेवला! मिरजेचा तानपुरा येईपर्यंत गाऊ नकोस, असं कोणत्या गुरुजींनी शिष्याला सांगितलं असेल?

मॉडेलर निर्दोष आहे असं नाही. हेडफोनवर गोड लागलेला आवाज मोठ्या स्पीकरवर बदबदा होतो, कारण हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो आणि आपण तो वाढवून ठेवतो. अँपमधून अंगावर येणारी हवा हेडफोनमध्ये नाही. आणि सगळ्यात मोठा रोग म्हणजे प्रीसेट. दोनशे आवाज चाळत बसायचं आणि गाणं एकही पुरं करायचं नाही. या रोगावर टीका कर, मी तुझ्या बाजूने लिहीन. पण पोराला एकच आवाज पकडून महिनाभर वाजव म्हणणं वेगळं आणि तुझं वाद्यच खोटं म्हणणं वेगळं. पहिल्याने हात सुधारतो. दुसऱ्याने दीड वर्षाची धूळ बसते.

आत्या हे सगळं ऐकत होती. म्हणाली, "काऊन बावा, गानं निघत होतं ना त्याच्यातून? मंग खोटं कायचं?"

संध्याकाळी कव्हर काढलं. तारा गंजलेल्या, पहिली तर सुरात आणतानाच तुटली. पाच तारांवर वाजवलं. बोटं अडखळत होती, पण नऊपर्यंत एक तुकडा रेकॉर्ड झाला.

दादा, तुला मेलवर दोन फाइली पाठवल्यात. एक त्याची. दुसरी तू दिवाळीत मोठ्या कौतुकाने पाठवलेली तुझ्या अँपची, आधीअंती कापून तेवढ्याच लांबीची केलेली. नावं काढून टाकलीत. डुप्लिकेट कोणती ते सांग. आणि चुकलास तर तारांचा एक सेट खामगावला पाठव, दहाच्या गेजचा.