कर्णाला म्हणे दैवाने मारले!

'मृत्युंजय' १९६७ साली आली, तेव्हापासून आपल्या घराघरांत कर्ण म्हणजे दैवाने छळलेला बिचारा, हे ठरूनच गेले आहे. मला मुळीच पटत नाही. सूतपुत्र म्हणून हिणवले, परशुरामांचा शाप, कवचकुंडले गेली, सगळे मान्य! पण भर द्यूतसभेत द्रौपदीचे वस्त्र फेडायला सांगितले, तेव्हा कोणत्या शापाने त्याची जीभ चालवली? दुर्योधनाचा भाऊ विकर्ण तिच्या बाजूने उठला होता हो! त्याला पोरकट ठरवून गप्प बसवले ते कर्णानेच. पुढे युद्धाआधी कृष्णाने जन्माचे रहस्य सांगितले, राज्यही देऊ केले. कौरव हरणार हे ओळखूनही त्याने नकार दिला. यात दैव कुठे आले?

वर्गात हे सांगितले की मुले रुसायची. आता नातवंडे रुसतील. रुसोत!