लिअर कोणता?

‘किंग लिअर’ या नाटकाचा शेवट आशेचा की निराशेचा, हा प्रश्न इंग्रजी घेऊन एम. ए. होणाऱ्याला नवा नाही. त्याचे उत्तरही त्याला बहुधा पाठ असते. दोन टीकाकार या बाजूचे, दोन त्या बाजूचे आणि अखेरीस समन्वय साधणारा एक सावध परिच्छेद, एवढ्यावर उत्तीर्ण होण्याची सोय होते. परंतु त्यापूर्वी आणखी एक प्रश्न विचारावयास हवा आणि तो मात्र वर्गात क्वचितच विचारला जातो. लिअर कोणता?

कारण हे नाटक आपल्यापर्यंत दोन रूपांत आले आहे. १६०८ साली ते लहान आकाराच्या पुस्तिकेत, म्हणजे क्वार्टोत, छापले गेले. शेक्सपिअरच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी, १६२३ साली, त्याच्या सहकारी नटांनी ३६ नाटकांचा मोठा ग्रंथ, ‘फर्स्ट फोलिओ’, सिद्ध केला, त्यात ते पुन्हा आले. या दुसऱ्या पाठात पहिल्यातील सुमारे ३०० ओळी नाहीत आणि सुमारे १०० नव्या आहेत. वेडाच्या भरात लिअर आपल्या कन्यांवर खटला चालवतो, तो प्रसंग केवळ क्वार्टोत आहे. अखेरचे भाषण क्वार्टोत अल्बनीच्या, तर फोलिओत एडगरच्या तोंडी आहे. आणि मृत कॉर्डेलियाच्या ओठांकडे पाहा, असे सांगत लिअर प्राण सोडतो, तो फक्त फोलिओत. आशा की निराशा हा वाद ज्या ओळींवर मुख्यतः उभा आहे, त्या एका पाठात आहेत, दुसऱ्यात नाहीत!

अठराव्या शतकापासून संपादकांनी हे दोन पाठ एकत्र सांधले आणि तेच जोडकाम शेक्सपिअरची कृती म्हणून पिढ्यानुपिढ्या वाचले गेले. १९८६ साली ऑक्सफर्डच्या संपादकांनी दोन्ही लिअर स्वतंत्रपणे छापले. फेरफार कवीने स्वतः केले की इतरांनी, हा वाद अद्याप शमलेला नाही.

हा अपवाद नव्हे. मार्लो १५९३ साली मारला गेला, पण त्याचे ‘डॉक्टर फॉस्टस’ १६०४ आणि १६१६ अशा दोन भिन्न पाठांत उपलब्ध आहे. नाट्यगृहाचा मालक फिलिप हेन्स्लो याच्या हिशेबवहीत, या नाटकात भर घातल्याबद्दल दोघांना ४ पौंड दिल्याची १६०२ सालची नोंद आहे. लंडनच्या डलिच कॉलेजात जतन केलेली ही वही त्या काळच्या रंगभूमीविषयी अनेक टीकाग्रंथांहून अधिक सांगते. नाटक ही नाटकमंडळीची मालमत्ता होती, ती गरजेप्रमाणे वाढे, कापली जाई, इतरांच्या हातून दुरुस्तही होई.

यावर एक आक्षेप संभवतो. ज्या विद्यार्थ्याला शेक्सपिअरची भाषाच जेमतेम झेपते, त्याच्यापुढे पाठभेदांचे जंजाळ कशाला? आक्षेप प्रामाणिक आहे, पण अखेर तो उलटतो. दोन पाठांची शेवटची दोन पाने शेजारी ठेवून वाचण्यास एक तास पुरतो. त्या तासात विद्यार्थ्याला एकेक शब्द तपासावा लागतो आणि भाषा समजण्याचा याहून चांगला मार्ग आम्हांस ठाऊक नाही. साधनांची सबबही आता उरलेली नाही. ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयाने आपल्या फोलिओची पाने संगणकावर सर्वांना विनामूल्य खुली केली आहेत. पदव्युत्तर अभ्यासाला पदवीच्या अभ्यासाचीच दोन वर्षांची मुदतवाढ व्हायचे नसेल, तर दुसऱ्याच्या मतांची जुळणी थांबवून पुरावा स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याची सवय तेथे लागली पाहिजे. उद्या हाच विद्यार्थी शिक्षक होणार असतो. त्याने पुरावा पाहिला नसेल, तर त्याच्या वर्गालाही तो दिसणार नाही.

आपल्याकडे ही सवय अगदीच अपरिचित नाही. ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ करणारे आगरकर किंवा ‘राजा लिअर’ मराठीत आणणारे विंदा करंदीकर यांना ओळ टाळून पुढे जाण्याची मुभा नव्हती, भाषांतरकाराला ती कधीच नसते. परीक्षार्थ्याला ती आपण देऊन ठेवली आहे. ती काढून घेणे, हीच खरी अभ्यासक्रमसुधारणा होय.